शेवटच्या प्रार्थनेआधी



चित्रपटावरचे व्याख्यान म्हटले की वक्ता एखाद्या सर्वमान्य दिग्दर्शकाबद्दल बोलेल, अशी आपली अपेक्षा असते. मी आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्यांना त्यांच्या देशातही हयातभर फारशी मान्यता मिळाली नाही. सिस्वोरो गौतम पुत्रा हे त्यांचे नाव. इंडोनेशियातल्या उत्तर सुमात्रा प्रांतात, किसारान या गावी १९३८ साली त्यांचा जन्म झाला आणि १९९३च्या जानेवारीत ते गेले. नरभक्षक टोळ्या, थडग्यातून परतलेल्या आया, सर्पराण्या, चेटकिणी आणि तुकडे केले तरी पुन्हा सांधले जाणारे मांत्रिक असा सगळा मेळा त्यांच्या चित्रपटांत भरलेला असतो. त्यांच्या काळातले जाणते समीक्षक तेगुह कार्या, शुमानजाया, अरिफिन सी. नूर यांच्या चित्रपटांवर लिहीत. सिस्वोरो यांचे चित्रपट गावोगावच्या मैदानांवर लागत. तिथे दोन बांबू रोवून पडदा ताणला जाई आणि लोक जमिनीवर बसून ते पाहत. आपल्याकडे जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलेल्या पिढीला त्या गर्दीचा आवाज वेगळा सांगायला नको.

माझे म्हणणे आधीच मांडतो, म्हणजे पुढे तुम्हाला मला तपासता येईल. जनरल सुहार्तो यांच्या राजवटीत, जेव्हा पडद्यावरचा प्रत्येक शब्द सरकारच्या नजरेखालून जात होता, तेव्हा अन्याय झालेल्या स्त्रीचे गाऱ्हाणे सर्वांत मोठ्या आवाजात ऐकू आले ते या भूतपटांत. शेवटच्या पाच मिनिटांत धर्मगुरू येऊन प्रार्थना म्हणायचा आणि भूत शांत व्हायचे, कारण तसे व्हावेच लागे. पण त्याआधी दीड तास उरायचा, आणि सिस्वोरो यांनी तो दीड तास वाया घालवला नाही.

तो काळ थोडक्यात सांगायला हवा. १९६५च्या ३० सप्टेंबरच्या रात्री जाकार्तात सहा जनरल आणि एक तरुण अधिकारी मारले गेले. त्याचा ठपका कम्युनिस्ट पक्षावर ठेवून पुढच्या काही महिन्यांत किमान पाच लाख माणसे मारली गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. डाव्या विचारांचे दिग्दर्शक तुरुंगात गेले. बाख्तियार सियागियान त्यांपैकी एक. त्यांच्या चित्रपटांच्या प्रतीही नष्ट झाल्या. सुहार्तो सत्तेवर आले आणि १९९८च्या मेपर्यंत राहिले. या राजवटीत पटकथा चित्रीकरणाआधी माहिती खात्याला दाखवावी लागे आणि तयार चित्रपट सेन्सॉर मंडळाला. १९८१ साली व्यवसायासाठी जी आचारसंहिता ठरली, तिच्यात कथेचा ओघ अखेर एकमेव ईश्वराच्या गौरवाकडे वळला पाहिजे, अशा आशयाची अट होती. सेन्सॉरचा रोख त्याआधीही तोच होता.

पैशाची बाजूही महत्त्वाची आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यास सरकारने परदेशी चित्रपटांच्या आयातदारांना देशी चित्रपट काढणे बंधनकारक केले. ज्यांना हाँगकाँगचे, हॉलिवूडचे आणि हिंदी चित्रपट आणून विकायचे होते, त्यांना स्वतः निर्माते व्हावे लागले. या धंद्यात भारतीय वंशाची मंडळी ठळकपणे दिसतात. रापी फिल्म्सचे गोपे सामतानी, सोराया इंटरसिने फिल्म्सचे राम सोराया, पार्कितचे राम पंजाबी. सिस्वोरो यांची कारकीर्द मुख्यतः रापी आणि सोराया या दोन कंपन्यांच्या आश्रयाने उभी राहिली. बाजारात काय चालते याचा या निर्मात्यांना नेमका अंदाज होता. त्याच सुमारास मुंबईत रामसे बंधू ‘पुराना मंदिर’सारखे चित्रपट काढत होते. दोन्हीकडे पैसा थोडा, घाई फार आणि शेवटी देवाधर्माचा विजय. दोन्हीकडच्या प्रतिष्ठितांनी नाक मुरडले. या दोन सिनेमांचा एकत्र अभ्यास मराठीत कोणी करायला घेतला, तर मला मनापासून आनंद होईल.

सिस्वोरो यांचा ‘प्रिमितिफ’ १९७८चा. शहरातले विद्यार्थी जंगलात संशोधनाला जातात आणि नरभक्षक टोळीच्या तावडीत सापडतात. इटालियन नरभक्षकपटांची ही सरळ उचल होती. बॅरी प्रिमा हा पुढे देशभर गाजलेला नट या चित्रपटातून पुढे आला, एवढे त्याचे महत्त्व. मला हा चित्रपट आवडत नाही. अरण्यातल्या माणसाला जनावराच्या पंगतीला बसवणारी त्याची नजर ही त्या काळच्या सरकारी विकासाच्या नजरेहून वेगळी नाही, आणि परदेशी चाहत्यांनी त्याचे कितीही कौतुक केले तरी माझे मत बदलणार नाही.

उसनवारीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. १९८१चा ‘स्रिगाला’ हा ‘फ्रायडे द थर्टीन्थ’वरून उचललेला आहे, आणि ‘पेंगाब्दी सेतान’वर, म्हणजे सैतानाच्या सेवकांच्या त्या गाजलेल्या कथेवर, ‘फँटॅझम’ या अमेरिकी चित्रपटाची छाया आहे. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आठवा. बाहुलीत शिरलेला खुनी परदेशातून आला, पण तात्या विंचू इथलाच झाला. उसने घेतलेल्या सांगाड्यावर आपल्या मातीचे मांस चढते की नाही, एवढेच पाहायचे असते.

‘पेंगाब्दी सेतान’मध्ये ते चढले. ऐंशीच्या दशकाच्या तोंडावरचा हा चित्रपट एका श्रीमंत, आधुनिक घराची कथा सांगतो. मोठा बंगला आहे, मोटार आहे, मुलगी पार्ट्यांना जाते, नमाजाची आठवण कोणाला नाही. आई वारते. मग एका रात्री धुक्यातून ती मुलाच्या खिडकीशी येऊन उभी राहते. घरात दार्मिना नावाची नवी कारभारीण येते. रुथ पेलुपेसी या अभिनेत्रीने ती अशा थंडपणे रंगवली आहे की तिने नुसते चहाचे ताट आणून ठेवले तरी अंगावर काटा येतो. एकेक जण मरत जातो आणि मेलेले परत येतात. घर संपण्याच्या बेतात असताना धर्मगुरू, म्हणजे तिथले ‘कियाई’, आपल्या माणसांसह दार उघडून आत येतात, कुराणातील वचनांचा घोष करतात आणि सैतानाच्या सेवकांना आग लागते.

हा शेवट सेन्सॉरला हवा तसाच आहे. त्याच्या आधीचे घर नीट पाहिले, तर मात्र दुसरेच काही दिसते. सुहार्तोंच्या काळात तेलाच्या पैशातून जो नवा शहरी वर्ग उभा राहिला, त्याचेच हे घर. भरपूर वस्तू आणि एकमेकांशी बोलायला शब्द नाहीत. बापाला मुलाचे भय कळत नाही. मुलगा आधार शोधायला ज्योतिषिणीकडे जातो आणि जादूटोण्याची मासिके वाचतो. पटकथेत सिस्वोरो यांच्याबरोबर इमाम तांतोवी होते. तांतोवी हे त्या काळचे अत्यंत कसबी लेखक, आणि या चित्रपटांच्या श्रेयाचा मोठा वाटा त्यांचा आहे. ‘जाका सेम्बुंग’ हा १९८१चा डच राजवटीतल्या बंडखोराचा मारधाडपटही सिस्वोरो यांचाच. जैर वार्नी यांच्या चित्रकथेवरून तो बेतला होता. त्यातला मांत्रिक की हितम याचा देह तोडला तरी जमिनीला टेकताच जुळतो. अशा कल्पना लोककथेच्या तालमीत वाढलेल्या माणसालाच सुचतात.

आता ‘सुंडेल बोलोंग’कडे येतो. हाही १९८१चाच. सुंडेल बोलोंग हे जावाच्या लोकसमजुतीतले भूत आहे. गरोदरपणी मेलेली स्त्री, पांढरे वस्त्र, गुडघ्यांपर्यंत केस आणि पाठीला भोक. आपल्या गावांतली बाळंतपणात मेलेली अळवंतीण तिची सख्खी बहीण शोभावी. चित्रपटातली अलिसा ही पूर्वी वेश्या होती. एका खलाशाशी लग्न करून ती संसाराला लागते. नवरा समुद्रावर जातो. मागे काही पुरुष तिच्यावर सामूहिक बलात्कार करतात. ती न्यायालयात जाते. तिथे तिचा भूतकाळ उकरून काढला जातो आणि गुन्हेगार सुटतात. तिला त्या अत्याचारातून गर्भ राहिलेला असतो, मन ढळते आणि त्यातच तिचा अंत होतो. मग ती परत येते आणि एकेकाला गाठते.

श्रोतेहो, या न्यायालयाच्या प्रसंगापाशी मला थांबायचे आहे. भयपटात न्यायालयाची गरज नसते. बलात्कार, मृत्यू, भूत, सूड एवढ्यावर गोष्ट भागते, आणि निर्मात्याचे रीळही वाचते. तरीही सिस्वोरो अलिसाला कायद्याच्या दारात नेतात. ती सज्जन नागरिकाप्रमाणे आधी रीतसर दाद मागते आणि रीतसर नाकारली जाते. भूत होण्याचे कारण बलात्काराइतकेच तो निवाडाही आहे. सेन्सॉरला त्यात आक्षेपार्ह काही वाटले नाही, कारण अखेर प्रार्थना होती आणि भूत हरले होते. मैदानात बसलेल्या बायकांना मात्र काय वाटले असेल? त्या सुडाच्या प्रत्येक प्रसंगाला उठणाऱ्या आरोळीला कोणतेही मंडळ कात्री लावू शकत नव्हते.

याच्या शेजारी दुसरा एक चित्रपट ठेवून पाहा. १९८४ साली सरकारी संस्थेने अरिफिन सी. नूर यांच्याकडून १९६५च्या घटनांवर चार तासांहून लांब चित्रपट करवून घेतला. १९९७पर्यंत दरवर्षी ३० सप्टेंबरला तो दूरचित्रवाणीवर दाखवला जाई आणि शाळकरी मुलांना पाहायला लावला जाई. डाव्या स्त्रीसंघटनेच्या, म्हणजे गेर्वानीच्या बायकांनी जनरलांचे हाल केले, अवयव कापले, अशी कहाणी लष्कराने १९६५मध्येच पसरवली होती. शवचिकित्सेचे अहवाल पुढे उजेडात आले तेव्हा ती खोटी ठरली. या सरकारी चित्रपटात त्या बायका चेटकिणींसारख्या दिसतात. अरिफिन मोठे कलावंत होते आणि म्हणूनच तो चित्रपट इतका घातक ठरला. देशाच्या कित्येक मुलांच्या मनात राजकारणात उतरलेली बाई म्हणजे राक्षसीण, हे चित्र त्याने कोरले.

एका बाजूला सन्मानित दिग्दर्शकाने, सरकारी पैशाने, बाईला राक्षसीण म्हणून दाखवले. दुसऱ्या बाजूला ज्याला कोणी कलावंत म्हणत नव्हते, त्याने बाई राक्षसीण कशी केली जाते ते दाखवले. सिस्वोरो यांनी हे राजकीय हेतूने केले असा माझा दावा नाही. त्यांना गोष्ट चालवायची होती. पण गोष्ट चालवायची तर भुताच्या रागाला कारण लागते, आणि ते त्यांनी आजूबाजूच्या समाजातूनच उचलले. १९८३च्या सुमारास जाकार्ता, योग्यकार्ता आणि इतर शहरांत गुंड ठरवलेल्या माणसांना गोळ्या घालून त्यांची प्रेते रस्त्यांवर टाकली जात होती. हजारो मेले. पुढे १९८९च्या आत्मचरित्रात सुहार्तोंनी या हत्यांचे समर्थन केले. अशा देशात ‘भीती’ हा करमणुकीचा विषय राहत नाही.

या चित्रपटांचा चेहरा होती सुझाना. १९४२मध्ये बोगोरला जन्मलेली, पन्नासच्या दशकात उस्मार इस्माईल यांच्या ‘अस्रामा दारा’त बालकलाकार म्हणून चमकलेली, आणि १९७१च्या ‘बेरानाक दालाम कुबुर’पासून भयपटांची राणी ठरलेली. मोठे स्थिर डोळे आणि हळू, जवळजवळ विनवणीचा आवाज. सिस्वोरो यांनी तिला ‘न्यी ब्लोरोंग’मध्ये दक्षिण समुद्राच्या दरबारातली सर्पराणी केले, ‘तेलागा अंगकेर’मध्ये आणि ‘मालाम जुमात क्लिवोन’मध्ये भूत. शुक्रवार आणि जावाच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला क्लिवोन हा वार दर ३५ दिवसांनी एकत्र येतात, ती रात्र म्हणजे ‘मालाम जुमात क्लिवोन’. तिचा दबदबा आपल्या अमावास्येएवढा. त्या भूतपटांपैकी एकात सुझाना रात्री साते, म्हणजे काडीवर भाजलेले मांस, विकणाऱ्याच्या गाडीवर येते आणि ढीगभर साते मागवून तिथेच खाऊ लागते. विक्रेत्याच्या भूमिकेत बोकिर हा जाकार्तातल्या बेतावी लोकनाट्यातून आलेला विनोदी नट आहे. प्रेक्षक हसतात, घाबरतात आणि पुन्हा हसतात. इंडोनेशियात आजही हा प्रसंग माहीत नसलेला माणूस शोधावा लागेल.

मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९८८चा ‘मालाम सातू सुरो’. सुकेती ही सुंडेल बोलोंग आहे. एक मांत्रिक तिच्या डोक्यात खिळा ठोकतो आणि ती माणूस होते. तो तिला मुलीसारखी सांभाळतो, ती लग्न करते, तिला दोन मुले होतात, घर सुखात असते. मग वैरी तो खिळा उपसून काढतात. समाजात वावरता यावे म्हणून बाईच्या डोक्यात खिळा असणे, तो कोणाला दिसू नये म्हणून तो केसांत लपवणे, आणि तो निघाला की ती आईसुद्धा राहू शकत नाही, हे सारे लोककथेत होतेच. सिस्वोरो यांनी त्याला संसार दिला. मुलांना जवळ घेऊ पाहणारी ती मेलेली आई पाहताना मला भयपट पाहतो आहोत याचा विसर पडतो.

१९८५च्या ‘रातू साक्ती चालोन आरांग’चाही उल्लेख इथे केला पाहिजे. अकराव्या शतकातल्या ऐरलंग राजाच्या काळातली ही दंतकथा आहे. गिराह गावच्या विधवेच्या मुलीला तिच्या आईच्या दुष्कीर्तीमुळे कोणी वरत नाही. ती दुर्गेची उपासना करून राज्यावर साथ सोडते. प्रामुद्या अनंता तूर यांच्यासारख्या थोर कादंबरीकारानेही ही कथा पुन्हा सांगितली. पुन्हा एक बाई, पुन्हा एक नाकारलेली मागणी, पुन्हा तिला शमवायला आलेला एक पुण्यपुरुष. सिस्वोरो एकच गोष्ट आयुष्यभर सांगत राहिले, असे कोणी म्हटले तर मी नाकारणार नाही.

नव्वदीत हा धंदा कोसळला. १९८९पासून खासगी दूरचित्रवाणी आली. शहरातली चित्रपटगृहे एका साखळीच्या हाती एकवटली, जिच्यामागे सुहार्तोंचे नातलग सुद्विकात्मोनो होते, आणि तिथे हॉलिवूडला अग्रक्रम मिळाला. १९९०मध्ये वर्षाला शंभरावर देशी चित्रपट निघत, दशकाच्या अखेरीस ते बोटांवर मोजण्याइतके उरले. सिस्वोरो यांचे निधन याच पडझडीत झाले.

त्यांचे चित्रपट जगले ते बहुतांशी परक्यांमुळे. निर्मात्यांनी इंग्रजी संवाद चढवून ते परदेशी व्हिडिओ बाजारात विकले होते. युरोप-अमेरिकेतल्या दुकानांच्या खालच्या फळ्यांवर त्या कॅसेटी पडून होत्या. काही वेड्या संग्राहकांनी त्या उचलल्या, एकमेकांना दिल्या, त्यांवर लिहिले. पुढे ‘मोंदो मकाब्रो’सारख्या छोट्या कंपन्यांनी ‘जाका सेम्बुंग’ची डीव्हीडी काढली. २०२४मध्ये डेव्हिड ग्रेगरी यांनी सुझानावर पूर्ण लांबीचा माहितीपट केला. इंडोनेशियात मिस्बाख युसा बिरान यांनी १९७५ साली ‘सिनेमातेक’ हे अभिलेखागार उभे केले होते, पण त्याला पैशाची चणचण कायमची. उस्मार इस्माईल यांचा १९५४चा ‘लेवात जाम मालाम’ हा अभिजात चित्रपट २०१२मध्ये पुनरुज्जीवित झाला तोही सिंगापूरचे राष्ट्रीय संग्रहालय आणि मार्टिन स्कोर्सेसी यांच्या संस्थेच्या मदतीने. अभिजाताची ही गत, तर भूतपटांना कोण विचारणार? परदेशी चाहत्यांचे ऋण मी मानतो. मात्र त्यांतल्या पुष्कळांनी हे चित्रपट पूर्वेकडचा चमत्कारिक माल म्हणून पाहिले, आणि त्या नजरेतून अलिसाचे न्यायालय निसटते.

ते निसटू दिले नाही उत्तर सुमात्रातल्याच दुसऱ्या एका माणसाने. जोको अन्वर यांचा जन्म १९७६चा, मेदान शहरातल्या गरीब वस्तीतला. कुंग-फू आणि भयपट पाहत ते वाढले, बांडुंगच्या तंत्रसंस्थेत विमानविद्या शिकले, ‘जाकार्ता पोस्ट’मध्ये पत्रकार झाले. तिथे मुलाखतीच्या निमित्ताने भेटलेल्या दिग्दर्शिका निया दिनाता यांच्याबरोबर त्यांनी २००३चा ‘अरिसान!’ लिहिला आणि २००५मध्ये ‘जांजी जोनी’ दिग्दर्शित केला. ‘पेंगाब्दी सेतान’ पुन्हा करू द्या म्हणून सुमारे दहा वर्षे त्यांनी रापी फिल्म्सचा पिच्छा पुरवला. २०१७मध्ये तो झाला, ४२ लाखांवर प्रेक्षकांनी पाहिला आणि त्याला सात चित्रा, म्हणजे इंडोनेशियातले राष्ट्रीय चित्रपट-पुरस्कार, मिळाले. जुन्या चित्रपटाच्या वाट्याला न आलेली प्रतिष्ठा नव्याला मिळाली.

नव्या चित्रपटाचे कथानक १९८१मध्ये घडते. इथेही घरात धर्मगुरू येतो, पण या वेळी तो वाचवू शकत नाही. तोच मारला जातो. प्रार्थनेचा शेवट लादणारे मंडळ त्या रूपात उरलेले नाही, आणि सुहार्तोही नाहीत. २०२२च्या दुसऱ्या भागात तर रस्त्यावर टाकलेल्या त्या प्रेतांचा काळ थेट कथेत येतो. सिस्वोरो यांच्या पडद्याबाहेर जे घडत होते, ते त्यांच्या वारसाने पडद्यावर आणले. त्या भागाला ६० लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले.

तरीही मला असे वाटते की अन्वर यांच्या हाती जी मोकळीक आहे, ती नसताना केलेले काम तोलायला वेगळी मापे लागतात. सिस्वोरो यांच्याकडे घाईचे चित्रीकरण होते, डोळ्यांना बोचणारा प्रकाश होता, कधी कधी उसनी पटकथा होती आणि ठरलेला शेवट होता. या चौकटीत त्यांनी अलिसाला न्यायालयात नेले आणि सुकेतीला मुले दिली. त्यांना पुरस्कृत समकालीनांच्या पंगतीत नुसते शेवटी बसवून भागणार नाही. सुहार्तोकालीन इंडोनेशियाचा इतिहास लिहिताना त्यांच्या चित्रपटांना साक्षीला बोलवावे लागेल.

तुमच्यापैकी कोणाला हे चित्रपट पाहावेसे वाटले तर सुरुवात ‘सुंडेल बोलोंग’ने करा, आणि शक्यतो मूळ भाषेत, उपशीर्षकांसह पाहा. सुडाच्या प्रसंगांची घाई करू नका. आधी न्यायालयात अलिसाला विचारलेले प्रश्न नीट ऐका.